लाल रेषेवरचा बूट

३ मार्च
आजपासून रोज लिहिणार. ही वही कुणी वाचायची नाही. विशेषतः बायकोने.
कॉन्ट्रॅक्ट मेअखेर संपतंय. आणखी एक वर्ष मिळायलाच हवं. मिळणारच. सतरा वर्षं या फुटबॉल क्लबचा डिफेन्स मी सांभाळलाय.
संकल्प: (१) पोट कमी करणे. (२) रेफ्रीशी वाद घालायचा नाही. (३) नव्या कोचला तोंडावर काही बोलायचं नाही, इथे लिहायचं.
नवा कोच मूर्ख आहे.

५ मार्च, दुपारी
बर्फाच्या टबात बारा मिनिटं. माझ्या आधी त्यात नऊ जण बसून गेलेले. पाण्यावर केस, गवत आणि कुणाच्या तरी गुडघ्याची चिकटपट्टी तरंगत होती. शी! फिजिओ म्हणाला, याने स्नायू ताजे होतात. माझे स्नायू ताजेच होते, पाणी शिळं होतं.
जेवणाला उकडलेली कोंबडी. मीठ नाही. मीठ मागितलं तर स्वयंपाकी असा बघतो, जणू त्याची किडनी मागितली.
शेजारी आमचा लेफ्ट-बॅक. वय तेवीस. ट्रेनिंगलाही अंगभर सेंट फासून येतो. मी त्याचं नाव अत्तर ठेवलंय. अन्नाला त्याचाच वास.

८ मार्च
हरलो. दोन-शून्य. दोन्ही गोल ऑफसाइड होते.
माझा सापळा अगदी साधा आहे. मी ‘वर!’ ओरडलो की आम्ही चौघांनी एकदम पुढे सरकायचं. समोरचा स्ट्रायकर मागे एकटा उरतो. त्याला पास आला की ऑफसाइड. मी हात वर करतो, लाइन्समन झेंडा वर करतो. मात्र चौघांतला एक जरी मागे रेंगाळला तर सगळं मुसळ केरात.
आज मी दोन्ही वेळा वेळेवर हात वर केला. झेंडा आला नाही. लाइन्समनला म्हटलं, डोळे घरी ठेवून येतोस का? (संकल्प रेफ्रीबद्दल होता. लाइन्समन त्यात धरलेला नाही.)

१० मार्च
व्हिडिओ मीटिंग. कोचचं नवीन फॅड: चारचौघांत कुणाचा अपमान करायचा नाही. म्हणून आमचा लॅपटॉपवाला सगळ्यांची कमरेच्या वरची चित्रं कापून टाकतो. पडद्यावर नुसते पाय. आमच्यातला जो सगळ्यात मागे, त्याच्या बुटावरून तो लाल रेषा काढतो. क्लबने सगळ्यांना सारखेच काळे बूट दिलेत, म्हणजे चोर सापडायला नको.
एक बूट हातभर मागे होता. सापळ्याची वाट त्यानेच लावली. तीन-चार जणांनी माझ्याकडे पाहिलं. साहजिक आहे. पारखी नजर माझीच.
मी लगेच ओळखलं. अत्तर.
मीटिंगनंतर त्याला बाजूला घेऊन समजावलं. म्हटलं, होतं असं या वयात, पण पाय उचलायला शीक. त्याने आधी माझ्याकडे, मग माझ्या बुटांकडे पाहिलं. म्हणाला, बरं दादा.
संस्कार चांगले आहेत. वास तेवढा भयंकर.

१६ मार्च
पुन्हा हरलो. पुन्हा मी हात वर केला होता.
बाबा टीव्हीवर बघत होते. चाळीस वर्षं शिवणकाम केलं, अजून गळ्यात टेप. त्यांनी विचारलं, तू आधी ओरडतोस की आधी पळतोस? म्हटलं, बाबा, ओरडणं म्हणजेच लीडरशिप. हं, म्हणाले, आणि माझी शॉर्ट्स उसवायला घेतली. कंबरेत दोन बोटं वाढवताहेत. क्लबच्या लाँड्रीत कापड आटतं, त्याला मी काय करणार.

२२ मार्च
लॅपटॉपवाल्याने आकडा काढला. या सीझनमध्ये मी अडतीस वेळा हात वर केला, झेंडा आला चार वेळा. मी म्हटलं, बघ! लाइन्समनच्या चौतीस चुका! असोसिएशनला पत्र लिही. तो म्हणाला, लिहू ना. आणि लॅपटॉप मिटला.
घरी दूध उतू गेलं. बायको म्हणते, तू शेजारीच उभा होतास, गॅस बंद करायचा सोडून हात कसला वर करतोस?
काहीही बोलते.

५ एप्रिल
आज बेंचवर. कोच म्हणाला, जरा विश्रांती घे. मोठ्या मॅचसाठी राखून ठेवतोय.
बेंचखाली हात गेला. चघळलेली च्युइंगगम. ओली. राखीव गोलकीपर दिवसभर बिया चघळतो आणि माझ्या बुटांवर थुंकतो.
एक-शून्य जिंकलो. समोरची टीम भिकार.

१२ एप्रिल
बेंच. तीन-शून्य जिंकलो. ही टीम त्याहून भिकार.
एक गोष्ट खटकली. ‘वर!’ कुणी ओरडतच नाही. चौघं आपोआप सरकतात. शिस्त म्हणून काही राहिलेली नाही.

६ मे, सकाळी ११
क्लबच्या मॅनेजरबाईंनी ऑफिसात बोलावलं. गालिच्याला ओल्या मोज्यांचा वास. बाई म्हणाल्या, यापुढे वर्ष वाढवता येणार नाही. मग पुन्हा म्हणाल्या. दोनदा का, तर पहिल्यांदा मी हात वर केला होता म्हणे.
मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. गाडीत बराच वेळ बसून राहिलो. सीटखाली केळ्याचं साल सडलेलं सापडलं, ते टाकून आलो आणि पुन्हा बसलो.
बायकोला सांगितलं, बोलणी चालू आहेत.

१० मे
शेवटच्या मॅचला मला दहा मिनिटं देणार आहेत. दहा मिनिटं पुष्कळ झाली. एकच सापळा अचूक लावायचा. बाई स्वतः कागद घेऊन मागे धावतील.
बाबा पहिल्यांदाच स्टेडियमवर यायचं म्हणताहेत. जर्सीला त्यांनीच इस्त्री केली.

१७ मे, संध्याकाळी
ऐंशीव्या मिनिटाला उतरलो. आम्ही एक-शून्य पुढे.
अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला त्यांचा लांब पास. मी ‘वर!’ ओरडलो. हात वर केला.
आणि अत्तरनेही हात वर केला! मग उरलेल्या दोघांनी. गोलकीपरने. बेंचवरच्या सगळ्यांनी. कोचने! वळून बघतो तर अख्ख्या स्टँडचे हात वर. हजारो माणसं. पोरंबाळं, म्हाताऱ्या बायका, सगळे. बाबांचाही.
झेंडा आला नाही. गोल. एक-एक.
इतक्या लोकांना दिसलं, त्या एकट्या मुडद्याला दिसलं नाही.
लोक मात्र उभे राहून टाळ्या वाजवत होते. माझं नाव घेत होते. अत्तरने मिठी मारली, रडत होता. मीही रडलो. शेंबूड, घाम आणि सेंट. ओकारीच यायची.
बायको म्हणाली, निरोप होता तो. लोक तुझ्यासारखा हात करत होते. मी म्हटलं, साक्षीदार होते.
बाई कागद घेऊन आल्या नाहीत.

१८ मे
जर्सी दोनदा धुतली. अत्तरचा वास जात नाही.
काल टीमने फ्रेम भेट दिली होती, ती आज उघडली. त्या गोलचा फोटो. खाली सगळ्यांच्या सह्या. लॅपटॉपवाल्याने या वेळी कुणाचंही डोकं कापलेलं नाही. सगळ्यांचे हात वर. आणि सवयीने त्याने लाल रेषाही काढलीय.
मी बायकोला म्हटलं, हॉलमध्ये लाव, जगाला कळू दे मागे कोण राहतं. ती हातोडी आणायला गेली.
बाबांनी चष्मा लावला. रेषेवरच्या बुटावर बोट ठेवलं. मग मोजा, गुडघा, शॉर्ट्स. कंबरेशी थांबले. म्हणाले, ही शिवण माझी आहे. मग बोट आणखी वर नेलं.
मी म्हटलं, कॅमेऱ्याचा अँगल असतो, बाबा.
बाबांनी गळ्यातला टेप काढला आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, मोज तूच.
मोजलं. माझ्या आणि पुढच्या बुटात फोटोत दोन बोटं. मैदानावर किती, ते मोजलं नाही.
अत्तरला फोन केला. म्हटलं, मार्चमधला तो बूट तुझा नव्हता.
तो म्हणाला, माहीत आहे, दादा.