मटणाला ड्रायर लावल्याची हकिगत

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (फ्रीजसमोरच घातला, तुझ्या हातचे सगळे डबे तिथेच असल्यामुळे दिशा चुकली नसावी.) गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला थांबला, की अजून शेजारी झोपेतून उठतात? मी खुशाल आहे, आणि पत्र वाचून झाल्यावरही तू तसंच समजावंस.

तर रविवारी तिचे बाबा जेवायला आले. ती म्हणजे आमच्या चष्म्याच्या दुकानाशेजारी औषधाच्या दुकानात असते ती. फोटो दाखवला होता बघ. बाबा एकतीस वर्षं हॉटेलांची स्वयंपाकघरं तपासून निवृत्त झालेत, आणि मुलगी द्यायची की नाही हे ते मुलाच्या नाकाडोळ्यांवरून नाही, स्वयंपाकघरावरून ठरवणार, असं तिने मला आधीच बजावलं होतं. म्हणून मी तुझा मटणाचा गोठलेला डबा सकाळी सातलाच खिडकीत उन्हात ठेवला. आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेव, असं तू चारदा सांगितलं होतंस हे मला आठवतं; फक्त आदल्या रात्री आठवलं नाही. साडेअकराला बघतो तर कडेचा रस्सा कोमट आणि मधे दगड! घेतला केस वाळवायचा ड्रायर आणि लावला मटणाला. दार उघडंच होतं. बाबा वेळेच्या पंधरा मिनिटं आधी येऊन माझ्यामागे उभे राहिले, आणि मी आपला मटणाची समजूत घालतोय, होईल हं, होईल.

त्यांनी एवढंच विचारलं, कधीपासून बाहेर आहे. मी खरं सांगितलं. म्हणाले, फेका. ताईने एवढ्या मायेने केलंय हो, परत गोठवतो की, असं मी म्हटल्यावर त्यांनी ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने पूर्वी हॉटेलं बंद पडत असणार. पावणेपाच तास बाहेर राहिलेलं मांस गोठवून सुधारत नाही, त्यातले जंतू नुसते झोपतात, हे मला तिथेच कळलं. अख्खं मटण गेलं, ताई. मला खरंच रडू आलं.

मग फ्रीझरमधून तुझीच कोळंबी काढली. ती त्यांनी गोठलेलीच पातेल्यात घालायला लावली, आधी मंद आचेवर, सुटल्यावर मोठ्या, आणि खदखदेपर्यंत ढवळायला लावली. खिशातून थर्मामीटर निघाला (जेवायला येताना माणूस थर्मामीटर आणतो!). मधोमध पंचाहत्तर भरल्यावरच ताटं मांडली. एकदा गरम केलेलं पुन्हा गरम करायचं नाही, तेव्हा उरवायचंच नाही असं ठरलं, आणि हे तत्त्व आम्ही दोघांनी बोटं चाटून पाळलं. कोळंबी जराशी चिवट झाली होती, पण इतकं हसत कधी जेवलो नव्हतो. जाताना पाठीवर थाप मारली; लग्नाबद्दल मात्र अवाक्षर नाही. तेव्हापासून जीव टांगणीला लागलाय.

तुझा,
धाकटा

ता. क. कोळंबी कुणी केली असं त्यांनी विचारलं, आणि माझ्या तोंडून 'मीच' निघून गेलं. येत्या रविवारी ते माझ्या हातची ताजी खायला येताहेत. तू शनिवारी सकाळच्या गाडीने ये. गुडघ्याचं मी बघतो.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तेवढ्यात तिचा फोन आला. बाबा घरी गेल्या गेल्या म्हणाले, "मटण बहिणीने केलं आणि कोळंबी त्याने, तर दोन्ही डब्यांवर तारखा एकाच अक्षरात कशा? पोरगा थापाड्या आहे. पण डब्यांवर तारखा घालणाऱ्या बहिणीच्या घरात मुलगी द्यायला माझी हरकत नाही." तेव्हा ताई, शनिवारची वाट बघू नकोस, पत्र मिळताच ये. रविवारी बघण्याचा कार्यक्रम आहे, आणि त्यांना बघायचंय ते तुला.