गुरुवारची सुट्टी

२२ नोव्हेंबर २००१, गुरुवार

आज परत रजा! टेलिफोन एक्स्चेंजमधल्या साहेबांनी सही करता करता विचारलं, "दर गुरुवारी? कुठल्या बाबांचं व्रत धरलंय?" मी म्हटलं, "नवऱ्याचं."

खोटं नाही ते. पिंपरीला रतनच्या कारखान्याची सुट्टी गुरुवारी असते. आता कारखान्याशी संबंध उरला नाही, ती गोष्ट वेगळी. सव्वीस वर्षं तपासनीस म्हणून काढली आणि जुलैत घरी बसवलं. पण सोसायटीत सांगितलंय — नाइट शिफ्ट लागलीय. मग रात्री डबा घेऊन दापोडीला चुलतभावाकडे झोपायला जायचं, सकाळी परत यायचं आणि दिवसभर पडदे ओढून झोपेचं सोंग घ्यायचं. भर दिवसा माणसांत यायचं ते फक्त गुरुवारी. (तोंडावर 'अहो', वहीत रतन. इथे कोण बघतंय!)

आज हनुमान टेकडी. वर बसून शेंगा खाल्ल्या. झाडीत मोर ओरडला. रतन म्हणाला, "बेअरिंग गेलंय याचं." चार महिन्यांतला पहिला विनोद. मी जरा जास्तच हसले.

२९ नोव्हेंबर, गुरुवार

पाषाण तलाव. बदकं मोजली. माझी एकशे बारा, त्याची एकशे चौदा. परत मोजली — त्याचंच बरोबर!

३ डिसेंबर

जिन्यात शेजारच्या कल्याणी भेटल्या. त्यांचे यजमान श्यामसुंदर हिंजवडीला, सॉफ्टवेअर कंपनीत, मोठ्या हुद्द्यावर. "रतनरावांची शिफ्ट कधी बदलतच नाही का हो?" किती गोड आवाज! "बदलेल की," म्हटलं आणि उगाचच हसत राहिले. खोटं बोलताना मी फार हसते. कुणाच्या लक्षात आलं नसेल तर बरं.

६ डिसेंबर, गुरुवार

गुरुवार, पण आज फिरणं नाही. दर सहा डिसेंबरला रतन दादरला जातो. एकदाही चुकला नव्हता. या वर्षी नको म्हणाला — कारखान्यातले सगळे तिथे भेटतील, विचारतील. विहारात जाणं तर केव्हाच बंद झालंय. बाबासाहेबांच्या फोटोपुढे घरीच मेणबत्ती लावली. तीही पडदा ओढून! मला फार वाईट वाटलं. आजच्या दिवशी तरी कुणापासून लपायचं? असंच चाललं तर हा माणूस घरातल्या घरात संपून जाईल. मला भीती वाटते.

२० डिसेंबर, गुरुवार

हे सगळं लिहायलाच हवं.

ऑफिसातली सुनीती कधीपासून मागे लागली होती — मामाच्या शेतात सूर्यफूल आलंय, लोणी काळभोरला, बघून या. मी म्हटलं, संध्याकाळी जाऊ, ऊन उतरल्यावर. ती म्हणाली, "सकाळीच जा. संध्याकाळी गेलात तर फुलं उन्हाकडे पाठ करून उभी असतील." मोठं झालेलं फूल दिवसभर पूर्वेकडेच बघत राहतं म्हणे. आणि मी आजवर समजत होते की ती सूर्याबरोबर फिरतच असतात!

नऊला पोचलो. दोन एकर नुसतं पिवळं. आजवर मी सूर्यफूल पाहिलं होतं ते तेलाच्या पिशवीवर. नुसती बघत राहिले.

बायका ओळीनं चालल्या होत्या, हाताला मऊ फडकं गुंडाळून. ते एकेका फुलाच्या तोंडावरून हलकेच फिरवायचं, की पुढचं फूल. सुनीतीचे मामा हिंमतराव म्हणाले, "मधमाश्या कमी झाल्यात वहिनी. मग माणसानंच मधमाशी व्हायचं. न्हाईतर दाणं पोकळ निघत्यात."

रतन हात मागे बांधून बघत होता. कारखान्यात असाच उभा राहत असणार. जरा वेळानं म्हणाला, "त्या मावशी फार दाबतात. आणि बांधाकडची ओळ सुटली."

हिंमतरावांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "साहेब कुठं कामाला हायेत?"

झालं! मी हसायला सुरुवात केली.

"कुठंच नाही," रतन म्हणाला. "जुलैपासून घरी बसलोय."

अनोळखी माणसाला! इतकं सरळ!

"मग उद्यापास्नं या की," हिंमतराव म्हणाले. "फुलोरा हाय तवर माणूस पायजेच." आणि त्यांनी एक फडकं त्याच्या हातात दिलं.

२४ डिसेंबर

रोज जातोय. सातला दापोडीहून येतो, चहा घेतो की स्कूटर काढून लोणी! सोसायटीत सांगितलंय, ओव्हरटाइम आहे. रात्री नाइट शिफ्ट, दिवसा ओव्हरटाइम — हा माणूस झोपतो कधी, असं अजून कुणी कसं विचारलं नाही?

शर्टाच्या बाह्या फुलांच्या परागानं पिवळ्याधमक. साबणानंही जात नाही. घासताना मी गुणगुणत होते.

२७ डिसेंबर, गुरुवार

मीही एक ओळ केली. रतननं तपासली आणि सात फुलं परत करायला लावली! मेला तपासनीस. नाकाचा शेंडा पिवळा. बांधावर बसून भाकरी आणि ठेचा खाल्ला. ऊन छान होतं.

येताना मागे बसून म्हटलं, "आता सांगून टाकू या ना."

"बघू," म्हणाला.

३० डिसेंबर, रविवार

दुपारी पार्किंगमध्ये कल्याणींनी आम्हाला गाठलंच. बाहीकडे बघत — "काय हो रतनराव, कारखान्यात रंगकाम निघालंय वाटतं?"

रतननं स्कूटर शांतपणे स्टँडवर लावली. "कारखाना जुलैतच सुटला माझा. लोणीला सूर्यफुलं पुसायला जातो." दोन मजले ऐकतील एवढ्या मोठ्यानं.

त्यांचा चेहरा पांढराफटक. भराभर जिना चढून वर गेल्या.

"आता सगळीकडे होणार," मी म्हटलं.

"होऊ दे."

आज दापोडी नाही. घरातले सगळे पडदे मी काढून धुवायला टाकलेत.

३१ डिसेंबर

सकाळी कल्याणी आल्या. आत येऊन आधी दार लावून घेतलं. "आमचे रात्रभर घरून अमेरिकेचं काम करतात, म्हणून दिवसा झोपतात, असं मी सांगते ना सगळ्यांना —" आणि रडायलाच लागल्या. श्यामसुंदरना ऑगस्टमध्येच कामावरून काढलंय. म्हणजे चार महिने एकाच भिंतीच्या दोन बाजूंना दोन माणसं दिवसभर टक्क जागी पडून होती, एकमेकांना ऐकू जाऊ नये म्हणून खोकलासुद्धा दाबत.

रतन चहा अर्धा टाकून उठला. शेजारी जाऊन त्यानं बेल वाजवली.