हात न टेकता

नारीन, १२ मार्च १९९६

चि. झीपार हिस, थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल आहेत, मी तेवढी पेटलेली आहे. परवा दिराकडे मेजवानी होती. माझे गुडघे आखडलेले, म्हणून कुणीतरी खुर्ची आणली. तिचे पाय लोकरीच्या जाजमात रुततात, म्हणून ठेवली दाराशी, बुटांजवळ! आणि दारासमोरच्या माझ्या मानाच्या जागी बसली कोण? धाकटी जाऊ सेयिल. वर सगळ्यांदेखत म्हणते कशी, की जुलैत कुरणावरच्या लग्नात नातसुनेला पांढरा रुमाल मीच बांधीन, थोरल्या जाऊबाई खाली बसल्या तर उठवायला घोडा जुंपावा लागेल. सगळे हसले गं, माझा मुलगासुद्धा.

नवरीच्या डोक्याला रुमाल घरातल्या थोरलीने बांधायचा असतो. तो मीच बांधणार आणि त्या सेयिलचं नाक ठेचणार. तू आरोग्यधामात तीस वर्षं म्हाताऱ्यांना चालवलंस, आता मला उठव. लोभ आहेच, उत्तर तेवढं लवकर धाड.

तुझी अनारकुल

काराकोल, २५ मार्च

थोरल्या ताईस, ती. अनारकुल एजेस, धाकटीचा सा. न.

पत्र वाचून आधी हसले, मग वाईट वाटलं. एजे, रागाने कुणी जमिनीवरून उठत नाही, मांड्यांनी उठतं. तेव्हा सांगते ते कर.

सकाळचा चहा खाली बसूनच प्यायचा. उठताना आधी पलंगाला दोन्ही हातांनी धर, पुढे एका हाताने, मग धरूच नकोस. दूध तापेपर्यंत फळीला धरून एका पायावर उभी राहा, मग दुसऱ्या. दूध उतू गेलं तरी चालेल, तू पडू नकोस. झऱ्यापर्यंत रोज चाल, पण बोलता येईल इतक्याच वेगाने. बोलायला कुणी नसेल तर सेयिलला शिव्या दे. आपल्या खारट चहातलं मीठ निम्मं कर, मेंढीची चरबी पाहुण्यांना वाढ. गुडघा सुजला तर दोन दिवस थांब, एरवी खाडा नको.

रुमाल बांधून झाल्यावर तू काय करशील, याची मात्र मला धास्ती वाटते. माया आहे तशीच ठेव.

तुझी झीपार

नारीन, २ ऑगस्ट

आदरणीय झीपार एजेंस, सेयिलचा नमस्कार.

कधी नाही ते पत्र लिहिते, राग मानू नका. लग्न पार पडलं. तुमच्या बहीणबाई कुरणाचा चढ पायी चढून आल्या. नवरीसमोर खाली बसल्या, रुमाल बांधला आणि हात न टेकता उभ्या राहिल्या. बायका ओरडल्याच. तिथवर मी सोसलं असतं.

मग आशीर्वादासाठी सगळे उठले. दोन तास मांडी घालून बसलेली मी, माझे पायच हलेनात. त्यांनी लगेच हात दिला नाही. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळेपर्यंत थांबल्या. मग मला ओढून उठवलं आणि गोड आवाजात म्हणाल्या, की घाबरू नकोस, मी धरलंय. आशीर्वाद संपेपर्यंत हात सोडला नाही, पोर पडेल म्हणून धरावं तसा. माझे स्वतःचे नातू खुदखुदत होते.

हे सगळं त्यांना तुम्ही शिकवलंत, हे गावाला ठाऊक आहे. मलाही लिहून धाडा, पण शेजारणीच्या पत्त्यावर. मी त्रेसष्टची, त्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. त्यांना भरपूर आयुष्य मिळो, अशी मी रोज दुआ मागते. त्यांना असंच चारचौघांत हात धरून उठवल्याशिवाय मी मरायची नाही.

तुमचा लोभ मिळवू पाहणारी,
सेयिल