पाडीनं चघळलेला कोट

१४ एप्रिल १९४०
कोट आला! हे मुंबईच्या जुन्या बाजारातून घेऊन आले. काळं जाड चामडं, गळ्यापासून मांडीपर्यंत, वर पितळी बकलं. या उन्हात! शिमग्यात फटफटी घसरून ह्यांच्या कोपराचं सालटं निघालं, तेव्हापासून घरात कोटाचाच जप चालला होता. कोळशाच्या भट्ट्या बघायला शहापुराहून मुरबाडकडे जावं लागतं आणि रस्ता म्हणजे नुसती खडी. अंगावर काहीतरी हवंच, हे मलाही पटतं. पण हा घालून आरशासमोर उभे राहिले तर हनुवटीवरून घाम टपटपत होता. आणि विचारतात कसं — "सायेब दिसतो का नाय?"
म्हटलं, दिसता. उकडलेला.
सासूबाईंनी उंबऱ्यातच अडवलं. "मेल्या ढोराचं कातडं माज्या घरात नाय आनायचं." कोट गोठ्यात, खुंटीवर गेला.

१६ एप्रिल
माझ्या धाकट्या बहिणीचं, गिरजाचं, लग्न ठरलं! वैशाखात, मुरबाडला. बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घ्यायची नाहीत मला. मी फटफटीवर मागे बसून जाणार. ह्यांना विचारलं.
"कोट असल्याबिगर मागं कोनाला बसवनार नाय. माजं कोपर बघितलंस ना?"
नियम चांगला आहे. कोट एकच, आणि तो ह्यांच्या अंगावर!
आतून सासूबाई — "बाईमानसानं फटफटीवर बसायचं? लोकं तोंडात शेण घालतील." त्यांचं माहेर डोळखांबला. गुडघे धरले तेव्हापासून त्यांना गाडीत बसवत नाही, म्हणून आता बाकीच्यांनीही हलायचं नाही. हे इथेच लिहिते. तोंडावर बोलायची छाती नाही.

२० एप्रिल
हे किन्हवलीच्या पुढे भोवळ येऊन पडले. नशीब, तेव्हा फटफटी थांबवून बिडी पेटवत होते. भट्टीवरच्या विठूने गाडीत घालून घरी आणलं. कोट सोडवला तर आतला सदरा पिळून काढावा इतका ओला. सासूबाईंनी कांदा हुंगवला, पन्हं पाजलं. मी घाबरले. खरंच घाबरले.
डोळे उघडल्यावर पहिला प्रश्न — "कोट कुठाय?"
मग माझी भीती पळाली. रागच आला.

२१ एप्रिल
सासूबाई दिवसभर गप्प. आक्रीतच!

२३ एप्रिल
पहाटे गोठ्यात बोंब. तांबू गाईच्या पाडीनं कोट खाल्ला! गळपट्टी चघळून चोथा केली, एक बाही तर चाटून चाटून पार लिबलिबीत. हे कोट हातात धरून उभे. मी पदर तोंडात कोंबून तिथून निघाले.
"घामाचं मीठ लागलं तिला," सासूबाई म्हणाल्या. चेहरा अगदी देवळातला.
पण पाडी खुंटीपर्यंत पोचली कशी? रात्री दावं आखूड होतं. आणि स्वयंपाकाला मीठ काढायला गेले तर बरणी निम्मी. लोणचं तर अजून घालायचंय!

२४ एप्रिल
हे आज नुसत्या सदऱ्यावर गेले. संध्याकाळी फटफट ऐकू येईपर्यंत माझा जीव टांगणीला.
गोधडी शिवत बसले होते, तेव्हाच सुचलं. जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक ठेवून बारीक टाके घातले की दाभणसुद्धा सुखासुखी शिरत नाही. मग त्याचाच कोट का नको? खांद्याला, कोपराला, पाठीच्या कण्यावर जाड. काखेत आणि कुशीला फटी, वारा शिरायला. निघताना भिजवून, पिळून घालायचा.
सासूबाईंना सांगितलं, तर त्यांनी ट्रंकेतून लाल लुगडं काढून माझ्यापुढे टाकलं. "ह्याचा कर. घट्ट हाय."

३० एप्रिल
कोट तयार. हे म्हणाले, "आयचं लुगडं घालून फिरू? भट्टीवाले हसतील."
सासूबाई — "त्याच लुगड्याच्या झोळीत हागलास, तवा कोन हसला?"
निमूट घातला.
संध्याकाळी विचारलं, कसा काय? "किन्हवलीला इहिरीवर परत भिजवला. उकडत नाय." ह्यांच्या तोंडून एवढं म्हणजे आरतीच.

३ मे
वळणावर फटफटी कलंडली. कोपरावरचे दोन पदर फाटले, तिसऱ्याला ओरखडा नाही. कातडी शाबूत! मी कोटाचं फाटकं कोपर देवापुढे ठेवलं आणि मग ठिगळ लावलं.

७ मे
आज दुसरा कोट पुरा झाला. माझ्या मापाचा! ह्यांच्यापुढे घालून उभी राहिले. नियम ह्यांचाच, आता बोलतात काय? डोकं खाजवलं, नि हसले.

१२ मे
गेले मी! फटफटीवर बसून मुरबाडला गेले! सगळ्या वाटेने तोंडात धूळ, कारण हसू आवरेना. निघताना मला वाटलं, सासूबाई आता तोंड सोडणार. दारात येऊन एवढंच म्हणाल्या — "घट धर गो." हळदीनं माखलेली गिरजा पाटावरून उठून धावत आली, माझ्या कोटावर तिची पाचही बोटं उमटली. धुणार नाही.

१४ मे
परत आले. सासूबाईंनी गोठ्यात बोलावलं. पाडीची मान खाजवत होत्या, माझ्याकडे बघितलं नाही.
"मीठ मीच चोळलं कोटाला. दावं पन मीच सोडलं. पोरगा मरत व्हता त्यात."
म्हटलं, बरणी बघितली होती मी.
त्यांनी पाडीपुढे गवताची पेंढी सोडली. मग — "फटफटीवर पाय खाली सोडून बसतात ना गो? गुडघं नाय दुमडावं लागत?"
नाही, म्हटलं.
"डोळखांबला भाव हाय माजा. म्हातारा झाला असंल."

१५ मे
लाल लुगड्याचा उरलेला तुकडा काढला. सासूबाईंचं माप घेतलं. एवढा आवाज त्या बाईचा, आणि माझा कोटसुद्धा त्यांना सैल होईल.