अजून एक टाका

पोर्ट ऑगस्टा
४ मार्च १९७५

चि. मर्ल हीस लायलचे अ. आ.

तुझं पत्र पोचलं. वर्षाच्या आत नजर जाईल असं कोणी तोंडावर सांगतं का? मी तिथे असतो तर डॉक्टरशी भांडलोच असतो.

उत्तरेचं खारं सरोवर भरलंय, ते बघायचंय, असं तू लिहिलंस. लहानपणी बाबांनी नेलं तेव्हा नुसतं पांढरंफेक मीठ होतं. पाणी आलं की पेलिकन येतात, तेव्हा परत आणीन म्हणाले. त्यांच्या हयातीत पाणी आलंच नाही. आता मी नेतो तुला. तुझ्या कंबरेला जमिनीवरची झोप सोसायची नाही, म्हणून माझ्या पिकअपमागे जोडायची झोपायची गाडी घरीच बनवायला घेतली आहे. जन्मभर रेल्वेच्या कारखान्यात मालडब्यांच्या चासी, म्हणजे खालचे सांगाडे, केल्या, एक बहिणीसाठी करतो. जुलैत, थंडीत निघू.

माया आहेच, ती राहू दे.
तुझा लायल


माउंट गॅम्बियर
२० एप्रिल १९७५

ती. लायलदादास सा. न. वि. वि.

ओळी उताराला लागल्या असतील, चालवून घे. ग्लेनिस रोज पेपर वाचून दाखवते. पेलिकन इतके आलेत म्हणे की बेटं दिसेनाशी झालीत. मी प्रवासाचा कोट काढून ठेवला, तर हीच माझी लेक म्हणते, आई, अजून तीन महिने आहेत.

एकच विनंती, फार घोळ घालू नकोस. आईच्या कोंबड्यांचं खुराडं आठवतं ना? इतकं भक्कम केलंस की हलवायला ट्रक आणावा लागला, आणि तोवर कोंबड्या कोल्ह्याने नेल्या होत्या.

लोभ असू दे, आणि थोडी घाईही.
तुझी मर्ल


पोर्ट ऑगस्टा
१५ जून १९७५

चि. मर्ल हीस अ. आ.

खुराड्याचं अजून काढतेस! आईने त्याला कधी नावं ठेवली नव्हती.

चासी उभी राहिली होती, पण मागची चाकं पिकअपच्या चाकांपेक्षा चार बोटं आत भरली. वाळूतल्या रस्त्यावर मागची चाकं पुढच्यांच्याच चाकोरीत धावायला हवीत, नाहीतर गाडी सारखी बाजूला ओढते आणि आत बसलेल्याची हाडं खिळखिळी होतात. आस कापून नवा बसवला. मग जोडून बघितली तर वजनाने पिकअपचं नाक वर! शेजारचा कोस्तास कुंपणावर रेलून विचारत होता, लायल, रूळ कुठून कुठवर टाकायचे ठरलेत? आता अर्धं लोखंड काढून हलकी करतो आहे. जुलै काही जमत नाही. सप्टेंबर नक्की.

रागावू नकोस.
लायल


माउंट गॅम्बियर
९ जुलै १९७५

ती. दादास सा. न. वि. वि.

काल ग्लेनिसला मी पोस्टमन समजले. बघते तिथेच मधोमध डाग पडतो. समोर माणूस उभा असला की त्याचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. ती हसली, मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी घासत बसली.

दादा, पेलिकन मोठा पक्षी आहे. आज मला दिसेल. सप्टेंबरचं मी सांगू शकत नाही. पिकअपमध्ये एक गादी टाक आणि ये. कंबर माझी आहे, दुखली तर मी कण्हेन. तू ऐकू नकोस.

वाट बघते. बघता येतंय तोवर.
मर्ल


पोर्ट ऑगस्टा
२ ऑगस्ट १९७५

चि. मर्ल हीस अ. आ.

तुझं पत्र खिशात घेऊन फिरतो आहे. परवा गादी पिकअपमध्ये टाकली होती, खरंच. मग तुला त्यात झोपलेली डोळ्यांसमोर आणली आणि काढून घेतली. म्हाताऱ्या बहिणीला मेंढरासारखी नेऊ का?

चासी आता हलकी झाली आहे. स्प्रिंगच्या पाट्यांजवळचा वेल्डिंगचा एकच जोड मनासारखा नाही, तो घासून अजून एक टाका भरतो. कोस्तास म्हणतो, असू दे रे, त्यावरून काय आगगाडी जायची आहे? पण त्या वाटेवर चासी मोडली तर दोन दोन दिवस माणूस दिसत नाही. मला भीती वाटते, मर्ल. बाकी काही नाही. थोडंच राहिलंय.

तुझाच,
लायल


माउंट गॅम्बियर
७ डिसेंबर १९७५

ती. लायलदादास सा. न. वि. वि.

हे पत्र ग्लेनिसच्या हातचं आहे, शब्द माझे.

नोव्हेंबरात गाडी घेऊन तू आलास त्या दिवशी दारात मी तुला आवाजावरून ओळखलं. मग जायचा विषय तूही काढला नाहीस, मीही नाही. गाडी आमच्या अंगणात सोडून जाताना, तू चाकाशी वाकून काहीतरी तपासल्यासारखं केलंस. दादा, नाक ओढलेलं मला ऐकू येतं.

मी रोज सकाळी बाहेर जाऊन तिच्यावरून हात फिरवते. दांड्यापासून मागच्या कडेपर्यंत एकही गाठ बोटाला लागत नाही. पाट्यांजवळचा तो जोड शोधून शोधून थकले, सापडत नाही. इतकं सुंदर काम माझ्यासाठी कोणी केलं नव्हतं. आणि मला गादी चालली असती. हे एकदाच लिहिते आहे, पुन्हा लिहिणार नाही.

ग्लेनिसने वाचलं, पाणी ओसरायला लागलंय. तरी पुढच्या थंडीत ये. पेलिकन नसू देत. पांढरं तेवढं मला अजून कळतं, चादर वाळत घातली की समजते. मीठ असेलच. बाबांनी दाखवलं होतं तेवढं तरी बघून येऊ.

माया आहेच. फक्त आता त्या गाडीला हात लावू नकोस.
तुझी मर्ल