चौथं बाळंतपण

४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू शिवलेले दोन्ही गाऊन पोचले. खिसे एवढे मोठे ठेवलेस की चष्मा, रुमाल आणि दवाखान्यात खायची बिस्किटं एकातच मावतात. तिथल्या नर्सबाईंनी शिंप्याचा पत्ता विचारला. शिंपीण माझी सख्खी बहीण, असं मी तोऱ्यात सांगितलं.

गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर म्हटलं की लोक अजून आवाज खाली आणतात. माझे किरणांचे उपचार संपून वर्ष होत आलं. आता दर खेपेला रक्त घेतात आणि त्यात एक मार्कर मोजतात. दुखणं परतत असेल तर तो वाढू शकतो, म्हणून रिपोर्ट येईपर्यंत जीव टांगणीला. या वेळचा पुढच्या भेटीत मिळेल.

पण आज लिहायला बसले ते निराळ्याच कारणाने. आमच्या डॉक्टरीणबाई या आजाराच्या बायकांचे मार्कर आणि त्यांची बाळंतपणं यांचा काही संबंध लागतो का, याचा अभ्यास करताहेत. मला विचारलं, बाळंतपणं किती? मी म्हटलं, तीन. इतकी वर्षं तेच सांगत आलेय, तोंडातून तेच गेलं. घरी आले तरी चैन पडेना. गुंडीला नाळ पडायच्या आत तुझ्या ओटीत घातली, तेव्हापासून ती तुझी. आता चार म्हणायचं म्हणजे दिलेलं परत मागितल्यासारखं वाटतं. तुला न विचारता मी ते करणार नाही.

गुंडी कितीही मोठी झाली तरी माझ्या वतीने तिचा गालगुच्चा घे. आपला लोभ पक्क्या शिलाईचा आहे, तो तसाच राहू दे.

तुझी,
ताई


१५ फेब्रुवारी

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

खरं सांगते, तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मशीनवर बसले ती एका गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजची बाही उलटी जोडूनच उठले. कुणीतरी एक दिवस येऊन गुंडी माझी नाही म्हणेल, ही भीती अजून गेलेली नाही, हे तेव्हा कळलं.

बाही उसवताना मात्र हसू आलं. तू मागे लागून मला तपासणीला पाठवलंस, आठवतं? तिथे विचारलं, बाळंतपणं किती? मी बेधडक सांगितलं, एक. तपासून झाल्यावर डॉक्टर बुचकळ्यात पडल्या, बाळंतपणाची खूण कुठे दिसेना. सिझेरियन का, म्हणाल्या. मी म्हटलं, छे, अगदी सुखरूप. म्हणजे बघ, तू तीन, मी एक. दोघींनी मिळून बेरीज तेवढी चोख ठेवली आणि दोन्हीकडच्या डॉक्टरांना बनवलं.

गुंडीला सगळं लहानपणापासून ठाऊक आहे, पण आपण तिघी ते कधी बोललो नाही. काल ती काजं करत होती तेव्हा धीर करून तुझं पत्र वाचून दाखवलं. तिने मानही वर केली नाही.

"मावशीला म्हणावं, चार सांग. तिचं रक्त तपासताहेत, माझी आई कोण ते नाही."

तेवढं बोलून दाताने दोरा तोडला आणि पुढच्या काजाला लागली. मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले, पण ते चांगलं रडणं होतं.

तेव्हा ताई, चार सांग. मीही जाऊन माझा आकडा दुरुस्त करून घेते. रिपोर्ट हातात आला की लगेच कळव. मोठेपणाचा आव न आणता वेळेवर जेव, आणि माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी


३ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद, गुंडीला तिच्या वाटणीचे निराळे.

मार्कर वाढलेला नाही, उलट आणखी खाली आलाय. ह्यांनी रिपोर्ट उलटा धरून वाचला आणि छान आहे म्हणाले. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, आता काही महिने इकडे फिरकू नका.

मग मी त्यांना म्हटलं, माझी एक चूक सुधारा, बाळंतपणं चार. त्या लिहिता लिहिता थांबल्या. बायका गेलेलं मूल मोजत नाहीत, असं त्यांनी पाहिलं असावं. खुर्ची जवळ ओढून त्यांनी अगदी हळू विचारलं, चौथं मूल कुठे आहे?

"तिच्या आईकडे," मी म्हटलं.

दोघी सुखात राहा. माझी आठवण काढत जा.

तुझी,
ताई