अकरा गिऱ्हाइकं आणि एक बादल

३ ऑगस्ट
चाललं! अख्खा कोड न अडकता चालला! ब्राउझर आपला आपण उघडला, खाली सरकला, जाहिराती उघडल्या आणि पन्नास बैल फोटोसकट तक्त्यात आणून ठेवले. मी नुसती हाताची घडी घालून बसले होते. आई मागे उभी – "भूत शिरलं का व त्या डब्यात?"
पन्नासांत आमचा बादल नाही. पोळ्याला एकोणीस दिवस आहेत. सापडेल.

५ ऑगस्ट
दिवाळीत पवन गेला आणि जोडी फुटली. एकट्या बैलाच्या मानेवर जू कसं ठेवणार? जूनमध्ये बाबांनी वांग्यांच्या ओळींत चालणारं छोटं यंत्र घेतलं आणि बादलला रिसोडच्या बाजारात विकून आले. कुणाला, ते विचारलं तर – "इकला. गोठ संपली."
संपली कसली! वेसण अजून खुंटीवरच आहे. कुणी हात लावला की ओरडतात. संध्याकाळी फोन घेऊन वांग्यात जाऊन उभे राहतात, तिथे रेंज येते म्हणे. आम्हाला तर घरातही येते.
घेणारा बहुतेक व्यापारी असणार, तो पुढे विकणार, आणि हल्ली विकायचं म्हणजे त्या जनावरांच्या साइटवर. पोळ्याच्या सकाळी बादल दारात उभा पाहिजे. बाबांना आधी काही सांगायचं नाही.

६ ऑगस्ट
साइट खडूस आहे. आपल्या आजूबाजूचेच बैल दाखवते, तेही एका माणसाला दिवसाला पन्नास. मग मी माणसंच वाढवली! अकरा प्रोफाइल – प्रत्येकाचा ब्राउझर वेगळा, गाव वेगळं, कुणाला कुणाची ओळख नाही. आवडाबाई हिंगोलीत, फुलचंदमामा अकोल्यात, गुलाम नबी चाचा यवतमाळला. नावं सगळी आळीतल्याच माणसांची; खऱ्या आवडाबाई कारंजाच्या पुढे कधी गेल्या नाहीत!
इकराला दाखवलं. शाळेपासूनची मैत्रीण, स्टँडवर ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे तिचं. म्हणाली, "तनुजा, ही लबाडी हाय."
"बैलच पाहून राह्यली ना, बँक तं नाही लुटून राह्यली."

९ ऑगस्ट
अकराही जणांना साइटनं हाकलून लावलं. सकाळभर डोकं खाजवलं. मग कळलं – काल लाइन गेली तेव्हा सहा जिल्ह्यांतली अकरा माणसं एकाच क्षणी गायब झाली, आणि लाइन आली तशी एकाच क्षणी परत हजर!
इकरा खुर्चीवरून पडायची बाकी होती. "कावं, हिंगोलीची लाइनबी कामरगावातूनच जाते का?"

१० ऑगस्ट
नवी अकरा माणसं, पण नावं जुनीच. या वेळी प्रत्येकाला वळण लावलं. आवडाबाई पहाटे उठतात. फुलचंदमामा जेवले की दोन तास गुल. शुक्रवारी दुपारी चाचांना नमाजाची सुट्टी – ती इकरानं मागून घेतली. लबाडी म्हणणारी तीच बरं का! आता इन्व्हर्टरही लावला आहे.
दोन हजार बैल पाहिले. स्वप्नातही शिंगं दिसतात.

१४ ऑगस्ट
सापडला सापडला सापडला!
उजव्या कानाला चीर, कपाळावर पांढरा ठिपका, आणि फोटो काढणाऱ्याकडे तोच तुच्छतेचा कटाक्ष. बादलच! आणि कुठे? जऊळक्याला! मी साऱ्या मुलखात माणसं पेरली आणि आपल्याच जिल्ह्यात एकही ठेवला नव्हता. काल सहज आवडाबाईंना वाशिमला हलवलं होतं. काखेत कळसा!
विकणारा देवमन नावाचा शेतकरी. किंमत माझ्या साठवलेल्या पैशांत बसते.

१५ ऑगस्ट
मी गाढव आहे. नंबर मिळवायला "मला पाहिजे" हे बटन दाबावं लागतं. आवडाबाईंकडून दाबायचं होतं. कोड मात्र अकरा जणांसाठी फिरला. सहा जिल्ह्यांतून एका बैलाला अकरा गिऱ्हाइकं!

१६ ऑगस्ट
देवमननं किंमत दीडपट केली. खाली लिहिलं आहे, "खूप मागणी आहे, घाई करा."
मागणी करणारी मीच आणि जिच्याकडे तेवढे पैसे नाहीत तीही मीच. हसू येतं आणि रडूही येतं.

१८ ऑगस्ट
रडून झालं. फोन केला आणि सरळ खरं सांगून टाकलं – ती अकराही माणसं म्हणजे मी.
 पलीकडून देवमन, "तरीच. सात जणाईले फोन लावला, एकबी लागेना. कोन्या गावची तू?"
"कामरगाव."
"कोनाची?"
"हिरालालची पोरगी."
  हे ऐकून एकदम मऊ आवाजात म्हणाले, "पयलीच किंमत दे. शुक्रवारी सकायी गाडी पाठव." का ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, देव पावला म्हटलं.
अकराही प्रोफाइल पुसून टाकली. आवडाबाईंना पुसताना जिवावर आलं.

२० ऑगस्ट
पिकअप ठरली, उद्या रात्रीच जऊळक्याला जाऊन थांबेल. आईला सांगावंच लागलं. तिनं डब्यातली चणाडाळ मोजून पाहिली आणि आणखी आणायला पाठवलं.

२१ ऑगस्ट
आज खांदेशेकणी, उद्या पोळा. आळीतल्या सगळ्या बैलांच्या खांद्यांना हळद-तूप लागलं, आमचा गोठा रिकामा.  दिवेलागणीला बाबा फोन घेऊन वांग्यात गेले. चहा द्यायला मी मागोमाग गेले तर बोलणं ऐकू आलं.
"खाऊन राह्यला ना आज? ... देवमनभाऊ, रोजच्यासारका फोन लाव जरा त्याच्या कानाले." मग थांबून, हळू – "बादल, आज आवतन घे, उद्या जेवाले ये."
आज बैलाला पोळ्याच्या जेवणाचं आवतन द्यायची रीत, म्हणून दिलं. तो खरंच येतो आहे, हे त्यांना माहीत नाही.